शाळेतलं नाटक: ठाणे-नवी मुंबईतली मुलं आणि पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

मी ठाण्यात आठवी ते बारावीच्या मुलांचा नाटकाचा वर्ग घेते. वर्ग रविवारी सकाळी भरतो. मुलं कळव्याहून, घोडबंदरहून, ऐरोली-कोपरखैरण्याहून येतात. जून उजाडला की फोन सुरू होतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते आहे. काही प्रश्न पालकांचे आहेत, काही मुलांचे. ज्याने विचारलं त्यालाच उत्तर दिलं आहे.

गॅदरिंगला दरवर्षी नाटक असतंच. मग वर्गात वेगळं काय शिकवता?

गॅदरिंगचं नाटक पंधरा दिवसांत उभं राहतं. बाई संवाद वाटून देतात, मुलं पाठ करतात, एकाचं वाक्य संपलं की दुसऱ्याचं सुरू. त्यात मजा असते आणि ती असायलाच हवी. पण त्या घाईत मूल समोरच्याचं ऐकत नाही, त्याचं वाक्य कधी संपतंय एवढंच बघत असतं. नाटक शिकायचं म्हणजे आधी ऐकायला शिकायचं, असं मला इतक्या वर्षांनंतर ठामपणे वाटतं. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

म्हणून पहिले दोन महिने मी संहिता हातात देतच नाही. एखादा साधा प्रसंग देते. उदाहरणार्थ, बहीण चहा घेऊन येते, भाऊ मोबाईलमध्ये डोकं घालून बसलाय, तिला त्याला काहीतरी सांगायचंय. कप रिकामा. गेल्या वर्षी नववीतली एक मुलगी तो कप हातात वही असावी तसा घेऊन आली. मी म्हटलं, चहा काठोकाठ आहे आणि कपाला कान नाही. दुसऱ्या वेळी तिने ओढणीचं टोक गुंडाळून कप धरला, नजर चहाच्या काठावर, पाऊल मोजून. भाऊ झालेल्या मुलाने ते पाहिलं. कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्याने मोबाईल बाजूला ठेवला आणि तिच्या वाटेतली चप्पल पायाने सरकवली. तोवर दोघं एक शब्दही बोलले नव्हते. मग ती नुसतं "दादा" म्हणाली, आणि हिला काहीतरी अवघड सांगायचंय हे भिंतीला टेकून बसलेल्या वीस मुलांना कळलं.

हे एकदा घडलं की मग आवाज, उच्चार, रंगमंचावरचं चालणं-वळणं, संहितेचं वाचन हे सगळं शिकवता येतं. भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. शाळेच्या वयात शरीर आणि वाणीवर भरपूर काम करावं. वेशभूषा-रंगभूषेची मुलांना हौस असतेच. सात्त्विक अभिनयाची, म्हणजे आतून येणाऱ्या भावाची, मात्र घाई करू नये. चौदा वर्षांच्या मुलीला तालमीत ओढूनताणून रडायला लावणारे दिग्दर्शक मी पाहिले आहेत. मला ते मुळीच मान्य नाही.

शाळेत नाटक हा गुणांचा विषय म्हणून घेता येतो का?

ते तुमच्या बोर्डावर अवलंबून आहे. राज्य मंडळाच्या शाळेत दहावीपर्यंत गणित-इंग्रजीसारखा नाटकाचा वेगळा पेपर नसतो. जे होतं ते कलाशिक्षणाच्या तासाला, गॅदरिंगला आणि एखाद्या हौशी शिक्षकाच्या बळावर. आयसीएसईला नववी-दहावीत तिसऱ्या गटात 'परफॉर्मिंग आर्ट्स' असतं आणि त्यात नाटक घेता येतं, अर्थात तुमची शाळा ते शिकवत असेल तर. केंब्रिजच्या आयजीसीएसईमध्ये 'ड्रामा' हा पूर्ण विषय आहे. त्यात लेखी परीक्षा असते आणि मुलांनी स्वतः केलेल्या सादरीकरणालाही गुण असतात. अकरावी-बारावीला आयबी घेतलं तर 'थिएटर' घेता येतं. अशा आंतरराष्ट्रीय शाळा ठाण्यात आणि नवी मुंबईत आता बऱ्याच आहेत.

पण केवळ नाटकासाठी बोर्ड बदलू नका. फीचा फरक फार मोठा असतो. त्यापेक्षा आपल्याच शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा. अभ्यासाचे विषय आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यात कडक भिंत असू नये, असं 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलेलं आहे. त्याचा आधार घेऊन आठवड्यातून एक तास मागता येतो. चार-पाच पालक एकत्र गेले तर हा तास मिळतो, हे मी पाहिलं आहे.

कोणत्या इयत्तेपासून सुरुवात करावी?

आठवीपासून उत्तम. अकरावीत केली तरी उशीर झालेला नसतो. त्याआधीच्या मुलांनी बालनाट्य शिबिरात मनसोक्त खेळावं.

आमचा मुलगा फार बुजरा आहे. नाटकाने धीट होईल ना?

होईलही. पण "याला धीट करून द्या" असं म्हणून त्याला माझ्याकडे सोडू नका, आणि त्याच्या देखत तर हे बोलूच नका. बुजरी मुलं बऱ्याचदा फार बारकाईने बघत असतात. वर्गात कोण कसं बसतं, कोण कधी खोटं हसतं, हे त्यांना बरोबर ठाऊक असतं. नाटकाला हे बघणं लागतं. मी अशा मुलाला पहिले तीन-चार रविवार नुसतं बसू देते. मग गर्दीच्या प्रसंगात उभं करते: ठाणे स्टेशनचा पूल, संध्याकाळचे सात, प्रत्येकाला कुठेतरी पोचायचंय. गर्दीत कुणी त्याच्याकडे बघत नसतं, त्यामुळे तो मोकळा होतो. संवाद बोलायला पूर्ण वर्ष लागलं तरी हरकत नाही. घरी दर रविवारी "आज बोललास का?" असं मात्र विचारू नका.

आमच्या घरी आगरी बोलतात. मी बोलायला लागलो की काही मुलं हसतात. नाटकासाठी आधी भाषा शुद्ध करावी लागेल का?

नाही. आणि हसणाऱ्यांशी मी बोलेन, ते तुझं काम नाही.

तुझ्यासारखाच घणसोली गावठाणातला एक मुलगा माझ्याकडे होता. वाचनाला बसला की अगदी पुस्तकी बोलायचा, एकेक अक्षर चिमट्यात धरल्यासारखं. आवाज घशाच्या वर यायचाच नाही. एकदा तालमीत चहाच्या सुट्टीत त्याच्या आजीचा फोन आला. तो बाहेर जाऊन तिच्याशी बोलत होता, आम्ही आत ऐकत होतो. 'ळ'चा 'ल' झाला, 'ण'चा 'न' झाला आणि आवाज थेट पोटातून आला. हात हलायला लागले, खांदे सैल झाले. तो आत आल्यावर मी त्याला म्हटलं, आता तोच प्रसंग आजीशी बोललास तसा कर. त्या दिवशी त्याने केलेला बाप आम्ही पुढे प्रयोगात तसाच ठेवला, आगरीतच.

ज्या भाषेत तू रागावतोस, रडतोस, आईकडे जेवण मागतोस, तिच्यातच तुझं शरीर मोकळं असतं. तिथूनच सुरुवात करायची. मराठी रंगभूमीवर बोली ही काही पाहुणी नाही. मालवणीतल्या 'वस्त्रहरण'चे हजारो प्रयोग झाले आणि ते बघायला फक्त मालवणी माणसं आली असं नाही.

त्याबरोबर प्रमाण मराठीही शिक, कारण उद्या तुला एखादा वकील किंवा पेशवाईतला कारभारी करायचा असेल. रोज दहा मिनिटं वर्तमानपत्र मोठ्याने वाच. 'ण', 'ळ', 'श-ष-स' यांच्यावर थांब. हा भूमिकेसाठी केलेला रियाज आहे. घरची बोली त्यासाठी सोडायची नाही.

माझा आवाज फुटलाय. मधेच चिरकतो. एवढ्यात तालमीला येऊ नको का?

ये. बाराव्या ते पंधराव्या वर्षाच्या आसपास मुलांचा कंठ वाढतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज खाली उतरतो. हे सगळं बसायला काही महिने लागतात. तोवर दोन गोष्टी टाळ: ओरडणं आणि कुजबुजणं. कुजबुजल्याने घशाला आराम मिळतो असं सगळ्यांना वाटतं, पण त्यानेही ताणच पडतो. तालमीआधी तोंड मिटून 'म्' चा गुंजारव कर, ओठांनी 'ब्रर्र' कर, पाणी पीत राहा. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा तो श्वासाच्या जोरावर. पाठीवर झोपून पोटावर वही ठेव, श्वास घेताना ती वर गेली पाहिजे. दोन-तीन आठवड्यांहून जास्त काळ आवाज बसलेला राहिला तर मात्र कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखव.

पाठांतर होतच नाही. काही युक्ती आहे का?

आहे. नुसती स्वतःची वाक्यं पाठ करू नकोस. तुझ्या आधीचं वाक्य पाठ कर, म्हणजे तुझं आपोआप येतं. संवाद हाताने वहीत उतरवून काढ. पाठ करताना चाल, बसून करू नकोस. कुठे वळलो तेव्हा काय बोललो हे पायांना लक्षात राहतं. रात्री झोपण्याआधी एकदा वाच आणि सकाळी दात घासताना आठव. पाठ झालं की भाजी निवडताना किंवा सायकल पुसताना म्हणून बघ. हात कामात असतानाही न अडखळता आलं तर ते रंगमंचावर दगा देणार नाही.

मला स्टेजवर उभं राहायचं नाहीये, पण नाटकात राहायचंय. असं चालतं का?

हा प्रश्न ऐकला की मला मनापासून आनंद होतो, कारण अशी मुलं कमी मिळतात आणि नाटक त्यांच्यावर उभं असतं.

नेपथ्य, प्रकाशयोजना, पार्श्वसंगीत, वेशभूषा, रंगभूषा, प्रॉम्प्टिंग, रंगमंच व्यवस्था, यातलं काहीही शाळेच्या वयात शिकता येतं. कळव्याचा एक दहावीतला मुलगा आमच्याकडे प्रकाश बघायचा. त्याच्याकडे एक शंभर पानी वही होती. डाव्या पानावर संवाद, उजव्या पानावर त्या संवादाला कोणता दिवा, किती टक्के आणि किती सेकंदांत. सुरुवातीला तो वही बघून दिवे करायचा आणि प्रत्येक बदल अर्ध्या क्षणाने उशिरा यायचा. मग त्याने वही मिटली आणि नटांचे श्वास ऐकायला लागला. शेवटच्या प्रसंगात आई दार लावते आणि अंधार होतो. दाराची कडी वाजल्यावर अंधार करायचा, असं मी सांगितलं होतं. प्रयोगात आई झालेली मुलगी कडीवर हात ठेवून जरा जास्त थांबली. हा पण थांबला. तिने श्वास सोडला, कडी वाजली आणि दिवा इतका सावकाश उतरला की लोकांना अंधार झाल्याचं उशिरा कळलं. मी विंगेत उभी होते. त्या मुलाने वर्षभरात रंगमंचावर एकही वाक्य म्हटलेलं नाही, पण ऐकायला तो आमच्यात सगळ्यात चांगलं शिकला होता.

सुरक्षिततेचं मात्र काटेकोर पाळायचं. अनवाणी केबलवर पाय नाही. तापलेल्या दिव्याला हात नाही. शिडीवर मोठ्या माणसाशिवाय चढायचं नाही. वायरी जमिनीला टेपने चिकटवल्याशिवाय तालीम सुरू होणार नाही.

शाळेत करायला संहिता कुठून घ्यायची? लेखकाची परवानगी लागते का?

प्रयोग शाळेच्या उपक्रमातला असेल, करणारे विद्यार्थी-शिक्षक आणि बघणारे विद्यार्थी, शिक्षक, पालक एवढेच असतील, तर कॉपीराईट कायद्यात त्याला सवलत आहे. बाहेर स्पर्धेत नेलंत किंवा तिकीट लावलंत की लेखकाची किंवा वारसांची लेखी परवानगी हवी आणि मानधनही द्यायला हवं. सार्वजनिक प्रयोगासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं, प्रमाणपत्रही लागतं. अर्ज वेळेत करा.

आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो. म्हणजे राम गणेश गडकरी (मृत्यू 1919) आणि दिवाकर (मृत्यू 1931) यांचं लेखन आता सर्वांना खुलं आहे. दिवाकरांच्या नाट्यछटांपासून सुरुवात करा असं मी प्रत्येक शाळेला सांगते. एकच पात्र बोलतं, समोरचा माणूस दिसत नाही, पण त्याचं बोलणं ऐकलंय असं नटाला दाखवावं लागतं. ऐकण्याचा याहून चांगला धडा मला मिळालेला नाही. वक्तृत्व स्पर्धेसारखे हातवारे करून नाट्यछटा म्हटली की ती मरते, एवढं मात्र सांभाळा.

आणि मुलांना स्वतः लिहू द्या. लोकलचा डबा, सोसायटीतलं पाण्याचं भांडण, आजोबांनी न सोडलेलं चाळीतलं घर, हे सगळं त्यांच्याजवळ तयार असतं.

दहावीच्या वर्षी नाटक बंद करावं का?

दिवाळीपर्यंत रविवारचे दोन तास चालू ठेवा, मग परीक्षा होईस्तोवर थांबवा. दहावीच्या वर्षी मुख्य भूमिका मी कोणालाच देत नाही, कारण जानेवारीतल्या तालमी बुडाल्या तर सगळ्या चमूचं नुकसान होतं आणि त्या मुलाला अपराधी वाटत राहतं. पण जूनमध्येच "आता वर्षभर नाटक नाही" असं जाहीर करून काही साधत नाही. ते दोन तास मुलं अभ्यासाला बसत नाहीत, मोबाईल घेऊन बसतात. पालकांनीच मला हे येऊन सांगितलं आहे.

नाटकाचे वाढीव गुण मिळतात का?

दहावीला काही कलाप्रकारांसाठी वाढीव गुण मिळतात. प्रस्ताव शाळेमार्फतच जातो, त्यामुळे तुमचं नाटक त्यात बसतं का याची शाळेच्या कार्यालयात नववीतच चौकशी करा आणि प्रमाणपत्रं एका फायलीत लावून ठेवा. केवळ गुणांसाठी मुलाला नाटकात घालू नका. त्याचं मन त्यात नसेल तर ते पहिल्याच महिन्यात दिसतं.

मुलांनी नाटकं कुठे आणि कशी बघावीत?

ठाण्यात तलावपाळीला गडकरी रंगायतन आहे, स्टेशनवरून चालत दहा-पंधरा मिनिटं. घोडबंदरकडच्या मुलांना डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह जवळ पडतं, तिथे एक छोटं प्रेक्षागृहही आहे. नवी मुंबईकरांसाठी वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृह, पनवेलला वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह. ऐरोली-घणसोलीच्या मुलांना ट्रान्स हार्बरने ठाणेही सोपं आहे.

या नावांपासूनच मी मुलांना कामाला लावते. भाव्यांनी 1843 मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं आणि म्हणून 5 नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन पाळतो. गडकरी नाटककार, घाणेकर नट. ज्याच्या नावाच्या दारातून आत जातो तो माणूस कोण होता हे मुलांना माहीत असायला हवं.

तिकिटं महाग वाटतात हे खरं आहे. बाल्कनीचं काढा. परवडलं तर एकच नाटक दोनदा बघा. पहिल्या वेळी गोष्टीसाठी. दुसऱ्या वेळी एखादं छोटं पात्र निवडा आणि ते बोलत नसताना काय करतंय तेवढंच बघत राहा. चांगला नट बोलत नसतानाही कामात असतो. प्रयोग सुटल्यावर लगेच घरी पळू नका, तलावपाळीला दहा मिनिटं बसून मुलाला बोलू द्या. तिसऱ्या घंटेनंतर मोबाईल बंद, हे त्याला तुमच्याकडे बघूनच कळेल.

स्पर्धेत भाग घ्यावा का?

वर्षातून एखादी, विचार करून. सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या राज्य नाट्य स्पर्धांमध्ये बालनाट्य स्पर्धा असते, दिव्यांग मुलांसाठीही बालनाट्य स्पर्धा असते. त्याशिवाय आंतरशालेय एकांकिका आणि नाट्यछटा स्पर्धा ठिकठिकाणी होतात.

एका आंतरशालेय स्पर्धेत आमची वेळ सकाळी दहाची होती. सातला मुलांचे चेहरे रंगवून झाले होते. मग वेळ बाराची झाली, मग चारची. प्रयोग झाला रात्री आठला. मुलांनी रंग न पुसता वडापाव खाल्ला, सर्वांत लहान दोघी कपड्यांच्या बोचक्यावर झोपल्या. प्रयोग वाईट झाला, याचं मला काही वाटलं नाही. वाईट याचं वाटलं की परीक्षक आमच्याशी एक शब्द न बोलता निघून गेले आणि मुलांना वाटलं, आपलंच चुकलं. तेव्हापासून अर्ज भरण्याआधी मी दोनच गोष्टी विचारते: क्रम कधी कळेल आणि प्रयोगानंतर परीक्षक मुलांशी बोलणार का. दुसऱ्याचं उत्तर नाही असेल तर आम्ही जात नाही.

वर्ग निवडताना काय बघावं?

फीच्या आधी तालीम बघा. पालकाला एक तास मागे बसून बघू न देणारा वर्ग घेऊ नका. शिकवणारा माणूस मुलांना नावाने हाक मारतो का? चुकलं तर सगळ्यांसमोर पाणउतारा करतो का? मुलींच्या कपडे बदलायच्या जागेला कडी आहे का? प्रसंगात स्पर्श असेल तर आधी विचारलं जातं का? तालीम सांगितलेल्या वेळी सुटते का? रात्री साडेआठनंतर शाळकरी मुलांची तालीम मी ठेवत नाही. रंगीत तालमीला उशीर होणार असेल तर आठवडाभर आधी कळवते, आणि एकट्या मुलीला लोकलने पाठवत नाही.

"तीन महिन्यांत सिरीयल" अशी जाहिरात असेल तर तिथून परत फिरा.

फी परवडत नाही. मग?

तर शाळेतच गट सुरू करा, त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे. आणि वस्तीतही नाटक होतं हे लक्षात ठेवा. ठाण्यात नाटककार रत्नाकर मतकरी आणि समता विचार प्रसारक संस्था यांनी 'वंचितांचा रंगमंच' उभा केला. त्यात वस्त्यांमधल्या मुलांनी स्वतःच्या आयुष्यातल्या गोष्टी स्वतःच नाटुकल्यांमध्ये बांधून सादर केल्या. त्यांना ना महागडं नेपथ्य लागलं ना भाड्याचे कपडे.

मुलीला सिरीयलच्या ऑडिशनला बोलावलंय. पाठवावं का?

ऑडिशनसाठी, 'कार्ड'साठी (कलाकाराच्या ओळखपत्रासाठी) किंवा पोर्टफोलिओसाठी कुणी पैसे मागितले तर तिथेच थांबा. मूल चौदा वर्षांखालचं असेल तर कायद्याने काही गोष्टी ठरवून दिल्या आहेत: दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची, शाळा बुडता कामा नये, आणि मिळकतीतला किमान 20 टक्के हिस्सा मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदतठेव म्हणून ठेवायचा. हे सगळं करारात लिहून घ्या. मुलीला एकटीला सेटवर सोडू नका.

माझं मत विचाराल तर दहावीपर्यंत थांबा. कॅमेरा कुठे पळून जात नाही.

पुढे यातच शिकायचं असेल तर बारावीनंतर काय?

पुण्याला सावित्रीबाई फुले विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात बारावीनंतर नाटकात पदवी घेता येते. मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्स अकादमी कलिन्याला आहे, तिथे पदवीनंतर एम.ए. करता येतं. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय 1959 पासून आहे. तिथल्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी पदवी आणि किमान सहा नाटकांतल्या कामाचा अनुभव मागतात. म्हणून कॉलेजच्या वर्षांतल्या प्रत्येक नाटकाचं पत्रक, कात्रण, प्रमाणपत्र जपून ठेवा.

पण आपल्याकडे खरी शाळा म्हणजे कॉलेजच्या एकांकिका. त्यांच्या स्पर्धा म्हणजे युवा महोत्सव, आयएनटी, लोकांकिका, आणि 25 जानेवारीच्या रात्री रंगणारी सवाई. कॉलेज निवडताना तिथला नाट्यविभाग जिवंत आहे का हे जरूर बघा. एकदा संध्याकाळी सहानंतर कॉलेजच्या आवारात चक्कर मारली की जिन्याखाली तालीम चाललेली दिसते. पोटापाण्याचं विचाराल तर फक्त अभिनयावर घर चालणारे थोडे. लेखन, प्रकाश, ध्वनी, डबिंग, शिकवणं असं दोन-तीन गोष्टी मिळून ज्यांचं चालतं, असे बरेच. मुलांपासून हे लपवू नये. मी लपवत नाही.

आमच्या शाळेत नाटक शिकवणारं कुणीच नाही. आम्ही आठ-दहा जणच आहोत. सुरू करता येईल का?

येईल. एक शिक्षक असे गाठा की जे नुसते बसतील आणि खोलीची चावी घेतील. शाळा सुटल्यावरचा आठवड्यातला एक तास ठरवा आणि तो पाऊस असो, मॅच असो, मोडू नका. बाकं भिंतीला लावा.

पहिल्या दिवशी गोल करून जमिनीवर बसा, डोळे मिटा आणि पाच मिनिटं फक्त ऐका. पंखा, शिपाईकाकांच्या चाव्या, मैदानावरची शिट्टी, लांब कुठेतरी लोकलचा भोंगा. मग डोळे उघडून प्रत्येकाने एकच आवाज सांगायचा, दुसऱ्याने सांगितलेला परत सांगायचा नाही. दुसऱ्या आठवड्यात दोघादोघांनी समोरासमोर उभं राहून आरसा करायचा. कोण हलतंय आणि कोण मागे जातंय हे बघणाऱ्याला कळता कामा नये. तिसऱ्या आठवड्यात रिकामा कप आणा. एकाने तो दुसऱ्याकडे द्यायचा: चहा आहे, औषध आहे, राख आहे, कुणाचं तरी शेवटचं पत्र आहे. काय आहे ते बोलायचं नाही. घेणाऱ्याने आधी देणाऱ्याकडे बघायचं, मग कपाकडे.

महिनाभर हेच करा. अडलात तर रविवारी सकाळी वर्गावर या, मागे बसायला सतरंजी आहे.